दगडी पेंढी

मी, केझाया, लेडी बोरेट, कै. सर जेबेझ बोरेट यांची विधवा, राहणार विधवाघर, मौजे हॅस्लो, परगणा सफोक, वय बहात्तर, लिहून ठेवते की माझे गुडघे गेले, डावा कान गेला, रात्रीची झोप गेली, पण डोके जागेवर आहे आणि जीभ तर आहेच आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू पाहणाऱ्यांची नावे पुढे त्या त्या कलमात येतील. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः ते, जे माझ्या मुलाने लंडनच्या वकिलाकडून लिहून आणले आणि ज्यावर मी चष्मा सापडत नसताना सही केली. चष्मा त्याच्याच खिशात होता.

हे मृत्युपत्र माझे वकील श्री. टनमर लिहून घेत आहेत. मी बोलते तसेच्या तसे उतरवायचे, असे ठरले आहे. ते चार ओळी झाल्या की लेखणी थांबवून माझ्याकडे पाहतात.

"बाईसाहेब, चष्म्याचा मजकूर मृत्युपत्रात बसत नाही."

"बसवा. माझ्या नाकावर बसत होता, तिथे काय होतंय?"

कलम पहिले. मला द्यायला मुळात काही आहे का, असा प्रश्न पडेल. आहे, पण चमत्कारिक रीतीने आहे. माझ्या नवऱ्याने आपल्या मृत्युपत्रात असे लिहिले की हे विधवाघर, म्हणजे वाडा मुलाकडे गेला की विधवा आईने राहायचे घर, घंटेचे शेत आणि बोरेट यंत्रशाळेतले निम्म्याहून जास्त शेअर माझे. पण मी जिवंत असेतो त्यांची सगळी वहिवाट आमचा मुलगा अँब्रोज पाहील. माझ्यामागे ते कोणाला जावेत, एवढे मात्र मी एकटी ठरवीन. म्हणजे जिवंतपणी माझे काही नाही आणि मेल्यावर सगळे माझे. जेबेझ अंथरुणाला खिळला होता तेव्हाही मी यावरून त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "केझी, व्यवहार पोराला बघू दे. शेवटचा शब्द तुझा. नाहीतरी तो तूच घेतला असतास." त्याला जाऊन नऊ वर्षे झाली. तेवढी वर्षे मी तो शेवटचा शब्द तोंडात धरून बसले आहे. आता बोलते.

कलम दुसरे, किरकोळ वस्तू. जेबेझचा पहिला हातोडा हॅस्लोच्या लोहाराच्या भट्टीत परत जावा. तो आमच्या काचेच्या कपाटात मखमलीवर निजला आहे. हातोड्याला मखमल म्हणजे लोहाराला पंखा. चांदीची किटली स्वयंपाकीणबाईला द्यावी. तिने ती आयुष्यभर घासली आणि एकदाही तिच्यातला चहा प्यायला नाही. माझे काळे रेशमी झगे कोणालाही द्यावेत, कापून उशा कराव्यात, मला त्यांचा कंटाळा आहे.

आमच्या पाद्रीबाबांना माझी चर्चमधली पुढच्या रांगेतली जागा. त्यांनी तिथे बसून एकदा आपलेच प्रवचन ऐकावे. गेल्या सुगीच्या प्रार्थनेत त्यांनी छान गळा काढून सांगितले की देवाने शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडायला सांगितले आहेत. समोर अँब्रोज मान डोलवत होता. त्याच आठवड्यात काय झाले होते ते दोघांनाही ठाऊक होते. ते मी पाचव्या कलमात सांगते.

कलम तिसरे, माझी सून लव्हिनिया. ही अर्लची मुलगी. तिच्या बापाच्या वाड्यात खोल्या पुष्कळ होत्या, छप्पर मोजक्याच खोल्यांवर होते. ती आमच्याकडे रक्त घेऊन आली आणि आम्ही तिच्या बापाच्या वाड्यावर कौले घातली. इथवर माझी तक्रार नाही, व्यवहार होता. पण तिने लंडनहून एक गृहस्थ बोलावले आणि त्यांनी महिनाभर आमचे बीफ खाऊन असा शोध लावला की बोरेट हे मूळचे नॉर्मंडीचे सरदार. मी जेबेझच्या बापाला ओळखत होते. तो घोड्यांना नाल ठोके आणि शनिवारी रात्री स्वतःच चार पायांवर घरी येई. नॉर्मंडी त्याने बाटलीवरसुद्धा पाहिली नसेल.

एकदा जेवणाच्या टेबलावर ती पाहुण्यांना म्हणाली, "सासूबाईंचं माहेरही जुनंच आहे हो. जमिनीशी फार जवळचं नातं असलेलं."

मी म्हणाले, "फारच जवळचं. माझी आई दिवसभर तिच्यावर वाकलेली असायची."

पाहुणे हसले, लव्हिनिया नाही. तर लव्हिनियाला मी माझ्या आईची कमरेला बांधायची झोळी देते. जाड्या तागाची आहे, ठिगळे मीच लावली आहेत. तिने भिंतीवर टांगलेली नॉर्मंडीची तलवार भाड्याने आणलेली आहे, ही झोळी खरी आहे. तिला पाहिजे तर चौकटीत बसवावी.

कलम चौथे, पहिले दाताळे. आमचे घराणे वर कसे आले, हे अँब्रोजने नव्या दिवाणखान्याच्या भिंतीवर रंगवून घेतले आहे. त्यात जेबेझ टेकडीवर उभा राहून उगवत्या सूर्याकडे पाहतो आहे आणि त्याच्या डोक्यात यंत्र येते आहे. जेबेझ सूर्य उगवताना कधीही जागा नसे. झाले ते असे.

कापणी झाली, पेंढ्या गाड्यांतून गेल्या, की धसकटात पडलेल्या ओंब्या वेचायला गावच्या बाया-पोरे शेतात जात. हा सरवा. घरोघर त्यावर हिवाळाभर पाव होई. माझी आई, मर्सी फिस्क, त्या बायांची राणी होती. राणी म्हणजे मुकुट नव्हे, हातघंटा. सकाळी तिने घंटा वाजवली की आत जायचे, संध्याकाळी वाजवली की बाहेर यायचे. म्हातारी असो की पोटुशी असो, सगळ्यांना सारखीच वेळ. आणि आणखी एक नियम, जो आमच्याकडे पाळण्यातली पोरेही जाणतात. शेतकऱ्याचे अजून आवरायचे असेल तर तो शेतात एक पेंढी उभी ठेवतो. ती राखणीची पेंढी. ती उभी असेतो कोणी बाई फाटकातून पाऊल आत टाकत नाही, मग आभाळ कोसळो. ती गाड्यावर चढली की शेत मोकळे. कुलूप नको, कुत्रा नको, पोलीस नको, एक पेंढी पुरे.

मी ऐन विशीत होते. सरव्याचा भारा डोक्यावर घेऊन लोहाराच्या भट्टीवरून घरी जाई आणि मालकाचा मुलगा जेबेझ दारात उभा असे.

"केझी, आज किती झालं?"

"तुला काय करायचंय?"

"आण इकडे, काट्यावर घालू."

रोज तो माझा भारा तोलून पाही आणि खडूने दारावर रेघ मारी. माझी मैत्रीण झिला मला कोपराने ढोसून म्हणायची, "अगं, भारा न्हाई तोलत त्यो, तुला तोलतोय." मी खुळी, लाजून लाल व्हायची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला कळले की तो खरोखरच भारा तोलत होता. एका शेतात शेतकऱ्याचा किती गहू मागे राहतो, याचा त्याला अदमास घ्यायचा होता.

त्या अदमासातून दाताळे निघाले. घोड्याने ओढायचे, बाकदार लोखंडी दातांचे, धसकटातली काडी न काडी ओढून आणणारे. जाहिरातीत लिहिले होते, "एकही ओंबी मागे राहणार नाही." शेतकऱ्यांच्या उड्या पडल्या. दाताळ्यामागून पेरणीयंत्र आले, त्यामागून वाफेवरचे मळणीयंत्र, मग हंगेरी आणि रशियापर्यंत माल, मग पार्लमेंट, मग राणीसरकारच्या हातून पिढीजात 'सर'. वर्तमानपत्रात आले की बोरेटांनी पोलादातून वैभव उभे केले. पोलादातून नव्हे. माझ्या कमरेच्या झोळीतून केले, आणि गावातल्या प्रत्येक बाईच्या झोळीतून. हे मी उपमा म्हणून सांगत नाही. माझ्या नवऱ्याने ते काट्यावर घालून पाहिले होते.

जेबेझला लाज वाटली ती उशिरा, पण वाटली. माझी आई गेली त्या हिवाळ्यात आजूबाजूच्या सगळ्या शेतांत आमची दाताळी फिरत होती. तिच्या घरात गव्हाचे पीठ नव्हते आणि मी धाडलेली गोणी तिने दारातूनच परत केली होती. निरोप असा होता की "जावयाला सांग, माझा गहू मला वेचू दे." त्यानंतर जेबेझने घंटेचे शेत विकत घेतले. आई फाटकाशी उभी राहून घंटा वाजवायची तेच हे शेत. त्याने माझ्या हातावर हात ठेवून सांगितले की इथे दाताळे येणार नाही. लांब दांड्याच्या विळ्यांनी कापायचे, पेंढ्या न्यायच्या आणि सरवा बायांचा. तो जिवंत होता तोवर त्याने शब्द पाळला. म्हणून मी त्याला माफ केले, बव्हंशी.

ते पहिले दाताळे गोदामात गंजत पडले आहे. ते मी अँब्रोजला देते. दिवाणखान्यात त्या रंगवलेल्या सूर्याखाली टांगावे, म्हणजे पाहुण्यांना काहीतरी खरे पाहायला मिळेल.

कलम पाचवे, घंटेचे शेत. टनमर, नवी शाई घ्या, हे कलम लांब आहे.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला छातीसाठी उन्हाळाभर समुद्रकिनारी ठेवले. सप्टेंबरात परत आले तर घंटेच्या शेतात, फाटकाच्या जरा आत, एक दगडी पेंढी उभी. माणसापेक्षा उंच, ओंबी न ओंबी कोरलेली, खाली आमच्या घराण्याची ढाल आणि लॅटिन वचन. वचन म्हणजे तीच जुनी जाहिरात, लॅटिनमध्ये नेऊन बसवलेली. अँब्रोजला आता नुसते 'सर' पुरत नाही, त्याला लॉर्ड व्हायचे आहे, आणि लॉर्डाला म्हणे बापाचे स्मारक लागते. शेत कापून झाले होते. गाडेही गेले होते. आणि फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, गावच्या बाया रिकाम्या झोळ्या घेऊन बसल्या होत्या. आईनंतर घंटा झिलाकडे आली आहे. ती घंटा मांडीवर घेऊन बसली होती.

मी बग्गी थांबवली. "काय गं झिले, बाहेर का बसलात?"

"पेंढी हुबी हाय की."

"अगं, दगडाची आहे ती."

"दगडाची असू दे न्हाईतर सोन्याची. पेंढी ती पेंढी. मालकानं न्हेली न्हाई."

"अँब्रोजला सुचलं नसेल गं."

"न सुचता कुणी येवढा दगड हुबा करतं व्हय, केझे? गव्हाची पेंढी म्हंजी आज नगं, उद्या या. दगडाची म्हंजी कदी बी नगं. आमाला काय वाचता येत न्हाई, पर येवढं कळतं."

मी तशीच वर वाड्यावर गेले. अँब्रोज नव्या बागेचा नकाशा पाहत होता.

"ती पेंढी उचल."

"आई, प्रवास बरा झाला ना? आवडली? लंडनचा शिल्पकार आहे, फार नावाजलेला."

"शेतात पेंढी उभी असली की त्याचा अर्थ काय होतो?"

त्याने जरा विचार केला. "पीक चांगलं आलं?"

त्याला माहीतच नव्हते. मर्सी फिस्कचा नातू, ज्याच्या ढालीवर तीन पेंढ्या आहेत, त्याला शेतातल्या एका पेंढीचा अर्थ ठाऊक नव्हता. मी त्याला सगळे सांगितले. ओरडून सांगितले, नोकर ऐकत होते तरी सांगितले. तो ऐकून हसला.

"म्हणजे फुकटचा राखणदार मिळाला म्हणायचा! मग राहू दे की."

"अँब्रोज, बायांचा हिवाळा जातो त्यात."

"आता गावात पाववाल्याचं दुकान आहे, आई. आणि स्टेशनवरून पाहुणे येतात ते त्याच रस्त्याने. वाकलेल्या बायकांच्या पाठी बघत यायचं का त्यांनी?"

"त्या पाठींवर तू उभा आहेस, गाढवा."

"आई, डॉक्टरांनी तुला बोलायला मनाई केली आहे ना?"

वहिवाट त्याची, त्यामुळे दगड राहिला. टनमर म्हणतात, 'गाढवा' हा शब्द मृत्युपत्रात नको. मी म्हटले, मृत्युपत्रात नातेवाइकांची ओळख पटवून द्यावी लागते ना?

गेल्या वर्षीच्या सुगीत जे झाले ते याहून वाईट. झिलाची सून थर्झा ही दूर पाणथळ मुलखातली. तिकडे घंटा असते, राखणीची पेंढी नसते; इथला नियम तिने नुसता ऐकला होता. तिचा नवरा आमच्याच ओतशाळेत छाती भरून मेला. झिला त्या दिवशी तापाने निजली होती. थर्झाने गाडे जाताना पाहिले, शेतात गव्हाची एकही पेंढी पाहिली नाही, आणि ती पोरांना घेऊन आत गेली. अँब्रोजच्या कारभाऱ्याने तिला झोळीसकट धरून कोर्टात उभे केले. चोरीचा आरोप. मला खुर्चीसकट उचलून त्या दिवशी कोर्टात नेले होते, म्हणून हे ऐकीव नाही.

अँब्रोजचा वकील उठला. "या गावची एक जुनी रीत आहे," तो म्हणाला. "पेंढी उभी असताना शेतात शिरायचं नाही. हे इथलं लेकरूही सांगेल. आरोपीला विचारा, पेंढी उभी आहे, दिसत नव्हती का?"

थर्झा म्हणाली, "साहेब, दिसत होती. पर दगड दळून पीठ व्हत न्हाई. मला वाटलं, पेंढी गव्हाची असते."

कोर्टात हशा पिकला. तिला दोन आठवड्यांची कैद झाली. तिचे तान्हे झिलापाशी राहिले. ती सुटून आली तोवर तिचे दूध आटले होते. शिक्षा झाली त्याच आठवड्यातल्या रविवारी पाद्रीबाबांनी शेताच्या कोपऱ्यांचे प्रवचन केले.

माझ्या संतापाचे कारण नीट लिहा, टनमर. ती रीत त्या वकिलाला कोणी सांगितली? अँब्रोजने. अँब्रोजला कोणी सांगितली? मी. माझ्या तोंडून बायांसाठी निघालेले शब्द माझ्या मुलाने जपून ठेवले आणि बायांवरच चालवले. आयुष्यात त्याने माझे लक्ष देऊन ऐकले ते एवढे एकदाच.

सबब, घंटेचे शेत मी माझ्यामागे हॅस्लोच्या सरवा वेचणाऱ्या बायांना देते. वहिवाट त्या वेळची घंटेची राणी आणि श्री. टनमर यांनी मिळून पाहावी. शेत खंडाने द्यावे, पण करार असा की पीक विळ्यांनी कापायचे, आणि बोरेटांचे कोणतेही यंत्र, लहान वा मोठे, जुने वा पुढे निघणारे, फाटकाच्या आत येणार नाही. शेत विकता येणार नाही, वाड्याच्या बागेत घेता येणार नाही, आणि पाहुण्यांना पाठी दिसू नयेत म्हणून तिथे झाडी लावता येणार नाही.

कलम सहावे, हे विधवाघर. लव्हिनियाने ते आपल्या आईसाठी मनात धरले आहे. पडद्यांची मापेही घेऊन गेली आहे, मी खोलीत बसलेली असताना. हे घर, भांडी, अंथरुणे, कोंबड्या आणि मागचा पावाचा भट्टा यांसह मी थर्झा पेटिट हिला देते, जिला या परगण्याने चोर ठरवले. पडदे तिला तेच लावायचे असतील तर मापे लव्हिनियाकडे मिळतील.

कलम सातवे, माझे शेअर. अँब्रोजला हे हवेत. यंत्रशाळा त्याला बाजारात काढायची आहे आणि लॉर्डपदाला शोभेल अशी जहागीर घ्यायची आहे, आणि माझ्या शेअरांशिवाय त्यातले काही होत नाही. मी ते त्याला देते, एका अटीवर.

माझ्या मृत्यूनंतरची पहिली कापणी संपायच्या आत त्याने ती दगडी पेंढी घंटेच्या शेतातून बाहेर न्यावी. बोरेटांच्या यंत्राला फाटकाच्या आत मनाई आहे, तेव्हा ती माणसांच्या हातांनी उचलावी आणि त्या हातांत त्याचे दोन असावेत. कामाच्या गाड्यावर चढवावी. घोड्याचा लगाम धरून अँब्रोजने स्वतः पायी चालावे, कामाच्या दिवशी, उजेडी, गावातल्या मोठ्या रस्त्याने. मागे घंटेची राणी घंटा वाजवत येईल. निघण्याआधी त्याने फाटकात उभे राहून बायांना मोठ्याने सांगावे, "शेत मोकळं आहे." तीनच शब्द आहेत, लॅटिन नाही, त्याला जमतील.

त्याने हे केले नाही तर सगळे शेअर त्या वेळी शेतमजुरांची जी संघटना जिवंत असेल तिला जावेत. तिच्या लोकांना अँब्रोजने यंत्रशाळेच्या दारातून हाकलले होते. मालक म्हणून परत येतील.

टनमर यांनी इथे लेखणी खाली ठेवली. "बाईसाहेब, सर अँब्रोज हे कधीच करणार नाहीत."

"मग संघटना करील."

"ते कोर्टात जातील. आईचं डोकं फिरलं होतं म्हणतील."

"जाऊ दे. उभा राहू दे पिंजऱ्यात आणि सगळ्या सफोकला सांगू दे, की माझी आई वेडी, कारण तिने मला एक पेंढी उचलायला सांगितली. ते ऐकून त्याला कोण लॉर्ड करतं ते बघू."

झिला तेव्हा कोपऱ्यात बसून होती. घंटेमुळे तिचाही यात संबंध येतो म्हणून टनमर यांनी तिला सहीच्या वेळी लांब राहायला सांगितले आहे. ती म्हणाली, "केझे, लई कडू झालीस गं. तुजंच लेकरू हाय त्ये."

माझेच आहे. म्हणून तर इतका राग येतो. परक्याच्या मुलाने दगड उभा केला असता तर मी दोन शिव्या देऊन झोपले असते. हा माझा आहे. तीन वर्षांचा होता तेव्हा माझ्या आईच्या मांडीवर बसून ती घंटा वाजवायचा आणि सोडायला तयार नसायचा. ते त्याला आठवत नाही. मला आठवते, आणि ते आठवले की माझा संताप दुप्पट होतो. टनमर, हे खोडू नका.

कलम आठवे आणि शेवटचे, माझा देह. बोरेटांनी चर्चच्या आत संगमरवरी तळघर बांधले आहे. जेबेझ तिथे आहे आणि त्याच्या शेजारी माझी जागा रिकामी ठेवली आहे. ती रिकामीच राहू द्या. जेबेझ, राग मानू नकोस. मानायचा तर मान, मीही पुष्कळ मानला. मला बाहेर, उत्तरेच्या भिंतीजवळ, माझ्या आईशेजारी पुरावे. तिच्यावर दगड नाही. दगड ठेवू म्हटले तेव्हा ती म्हणाली होती की वर ओझे नको, जन्मभर वाहिले.

ओझे मी घेते. अँब्रोजचा गाडा शेतातून निघाला की थेट चर्चच्या आवारात यावा आणि ती पेंढी माझ्यावर उभी करावी. अँब्रोजने मोडता घातला तर बायांनी ती आणावी. शेत तेव्हा त्यांचे असेल आणि त्यांना ओझ्याची सवय आहे. ढाल आणि लॅटिन छिन्नीने काढून टाकावे. शिल्पकार चांगला होता, ओंब्या खऱ्या वाटतात, त्या राहू द्याव्यात. खाली एवढेच कोरावे: केझाया, मर्सीची मुलगी.

अँब्रोज, लव्हिनिया आणि त्यांच्यामागून येणारे सर्व बोरेट यांना आता पेंढीचा अर्थ कळला आहे. ती माझ्यावर उभी राहील आणि तिथून कधी हलणार नाही. तेव्हा माझ्यापाशी काही वेचायला कोणी येऊ नये. फुले घेऊन, वर्तमानपत्रवाल्यांना घेऊन, आमची आजी साध्या घरातली होती असे भाषणात सांगण्यासाठी, कशासाठीही येऊ नये. मी बंद आहे. शेत मोकळे आहे, तिकडे पाहा.

येथे माझे म्हणणे संपले.

(सही) केझाया बोरेट, माहेरची फिस्क

स्थळ: घंटेचे शेत, हॅस्लो, फाटकाबाहेर.
दिनांक: १० सप्टेंबर १८९८.

साक्षीदारांचे निवेदन. आम्ही खाली सही करणारे दोघे लिहून देतो की बाईंना हे मृत्युपत्र अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवण्यात आले, आणि त्यांनी ते कबूल करून आमच्या समक्ष सही केली. पहिल्या ओळीतला 'लेडी' हा शब्द त्यांनी सहीआधी स्वतःच्या हाताने खोडला, त्या जागी आमची आद्याक्षरे आहेत. पाद्रीबाबांना साक्षीसाठी बोलावले होते, त्यांना बरे नव्हते. सहीसाठी बाईंना त्यांच्या इच्छेवरून खुर्चीवर बसवून इथवर आणले. शेताची कापणी झाली होती. रस्त्याच्या कडेला गावच्या बाया बसल्या होत्या. ऊन फार होते आणि फाटकाच्या आत झाडाची सावली होती, म्हणून श्री. टनमर यांनी खुर्ची आत घ्यायला सांगितली. बाईंनी हात आडवा धरला आणि त्या म्हणाल्या, "पेंढी उभी आहे, दिसत नाही का?"

(सही) वॉल्टर लिंग, गाड्यांची चाके करणारा सुतार, हॅस्लो
(सही) एडिथ गॅरड, पोस्टमास्तरीण, हॅस्लो